जात म्हणे दुसऱ्याच्या गावाला राहते

ह्या देशात जात कुठं राहते ते कुणालाही विचारा. प्रत्येक जण दुसऱ्याच्या गावाचा पत्ता देईल. दादरचा प्राध्यापक म्हणतो, जात मराठवाड्यात. लातूरचा वकील म्हणतो, आमच्याकडं आता तसलं काही नाही, ते बिहारात. पाटण्याचा बाबू म्हणतो, हरयाणाच्या खापांकडं बघा. आणि हे सगळे मिळून अमेरिकेतल्या काळ्यांसाठी डोळे पुसतात. आता अमेरिकेतल्या न्यूयॉर्कवाल्याला विचारा. तो म्हणतो, वंशद्वेष? तो खाली दक्षिणेत. मिसिसिपीत, अलाबामात. ती माणसं अडाणी, दरिद्री, रानटी. आम्ही उत्तरेतले सुधारलेले.

सगळ्यांची बोटं बाहेर. सगळ्यांचे हात स्वच्छ. मग गेली दोन हजार वर्षं आमच्या पाठीवर जो वळ आहे तो काय वाऱ्यानं उठला?

मी गोदीत काम करतो. कंत्राटी. मॅट्रिकपर्यंत शिकलो, पुढं पोटानं बोलावलं. माझ्यासारख्यानं अमेरिकेच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असं काही विद्वानांना वाटेल. वाटू द्या. आमच्या चळवळीनं १९७२ साली पँथर हे नाव तिकडूनच घेतलं. ज्यांच्याकडून नाव घेतलं त्यांची जमीन कशी होती हे कळायला पदवी लागत नाही.

तर ऐका. ब्लॅक पँथर पार्टी मिसिसिपीत निघाली नाही. ती १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात निघाली. ओकलंड म्हणजे बंदर. पुढारलेला, पैसेवाला, मोकळ्या हवेचा म्हणून मिरवणारा मुलूख. ह्यू न्यूटन आणि बॉबी सील ह्या पोरांना पोलिसांवर नजर ठेवायला बंदुका घेऊन तिथल्या रस्त्यावर उभं राहावं लागलं. पँथरचं चित्र मात्र आलं अलाबामातल्या लाउंड्स काउंटीतून. तिथल्या गरीब काळ्या शेतमजुरांनी मतदानाच्या हक्कासाठी स्वतःचा पक्ष काढला आणि त्याची निशाणी काळा पँथर ठेवली. म्हणजे ज्या मुलखाला जग अडाणी म्हणत होतं तिथल्या माणसांनी निशाणी दिली, आणि ज्या मुलखाला जग सुधारलेला म्हणत होतं तिथल्या अन्यायानं पार्टी जन्माला घातली.

उत्तरेची वही उघडून बघा. १८६१ साली दक्षिण गुलामीसाठी फुटून निघाली तेव्हा न्यूयॉर्कचा महापौर फर्नांडो वुड म्हणाला की न्यूयॉर्कनंही वेगळं व्हावं. का? तर शहराचा धंदा दक्षिणेच्या कापसावर. कापूस गुलामानं वेचायचा, मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्यांनी विणायचा, न्यूयॉर्कच्या पेढ्यांनी मोजायचा. चाबूक दक्षिणेत, तिजोरी उत्तरेत. १८६३ च्या जुलैत ह्याच न्यूयॉर्कात सैन्यभरतीच्या विरोधात गोऱ्या जमावानं दंगल केली. काळ्यांना मारलं, काळ्या पोरांचा अनाथाश्रम जाळला.

सत्तर वर्षांनी काय? १९३० च्या दशकात सरकारी खात्यानं शहराशहरांचे नकाशे रंगवले. काळ्यांच्या वस्तीवर लाल रंग. लाल म्हणजे धोका, कर्ज देऊ नका. घर नाही, घर नाही म्हणून बचत नाही, बचत नाही म्हणून पोराला शाळा नाही. हे नकाशे शिकागोचे होते, डेट्रॉइटचे होते, फिलाडेल्फियाचे होते. १९६६ साली मार्टिन ल्यूथर किंग शिकागोत राहायला गेले आणि घरांच्या प्रश्नावर मोर्चे काढले. गोऱ्यांच्या वस्तीत त्यांच्या डोक्यात दगड बसला. एवढा द्वेष मी मिसिसिपी-अलाबामातही पाहिला नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. दक्षिणेतले पोलिसी कुत्रे आणि तुरुंग ज्यानं भोगले तो माणूस हे सांगत होता.

आणि बोस्टन? गुलामीविरुद्धची पत्रकं जिथून निघाली ते बोस्टन. १९७४ साली कोर्टानं काळी-गोरी पोरं एका शाळेत बसवायचा हुकूम केला तर तिथल्या गोऱ्यांनी काळ्या पोरांच्या बसवर दगड मारले. १९७६ साली त्याच शहरात एका गोऱ्या पोरानं एका काळ्या वकिलावर झेंड्याची काठी उगारली. झेंडा अमेरिकेचाच. तो फोटो जगभर गाजला. २०२० साली जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसानं गुडघा दिला तेही मिनियापोलिसला, थेट उत्तरेत.

दक्षिण निर्दोष होती असं मी म्हणत नाही. झाडाला टांगलेली माणसं दक्षिणेतच जास्त होती. पण दक्षिणेकडं बोट दाखवून उत्तरेनं काय मिळवलं? आपली शाळा, आपली गल्ली, आपली पेढी तपासातून सुटली. बोटाचा उपयोग एवढाच असतो.

आता आपल्या मुंबईकडं या. उडी नाही मारत, कापसाच्या गाठीवरूनच येतो. १८६१ ते ६५ अमेरिकेत युद्ध चाललं तेव्हा तिकडचा कापूस बंद पडला. मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी. मग वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून गेला आणि इथल्या शेठांनी सोनं लुटलं. युद्ध थांबलं, १८६५ ला बाजार कोसळला, पण शहर उभं राहून गेलं होतं. १८७३ साली बॉम्बे पोर्ट ट्रस्ट निघाला. त्याच साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ काढलं आणि अमेरिकेत गुलामी मोडायला झटणाऱ्या माणसांना ते अर्पण केलं. दोन्ही गोष्टी एका सालच्या. शाळेत आम्हाला बंदर शिकवलं, पुस्तक नाही.

मुंबईत गिरण्या आल्या. यंत्रं विलायतेची, भोंगा विलायतेचा, घड्याळ विलायतेचं. जात मात्र गावची. अस्पृश्याला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला बाकीचे तोंड लावणार नाहीत. चार पैसे जास्त त्याच खात्यात. म्हणून आमची माणसं कमी मजुरीच्या खात्यात राबली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला. ही काही मराठवाड्याची गोष्ट नाही. ही परळ-लालबागची गोष्ट आहे, आणि लाल बावट्याखालची आहे.

मुंबईची वही अजून संपली नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले तर सोबतच्या प्राध्यापकांना त्यांनी त्याच माठातलं पाणी प्यायलेलं चाललं नाही. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळी पेटल्या. मोर्चात वरून दगड टाकून भागवत जाधवला मारला. तो दगड कुठल्या खेड्यातल्या पाटलाच्या वाड्यावरून आला नव्हता, मुंबईच्या इमारतीवरून आला होता. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातला आणि जाब विचारायला जमलेल्या वस्तीवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. २०१९ च्या मे महिन्यात आदिवासी डॉक्टर पायल तडवीनं मुंबईतच जीव दिला. सोबतच्या डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप तिच्या घरच्यांनी केला. आता सांगा, ह्यातली कुठली तारीख बीडची आहे?

मागं एका कविसंमेलनात कविता वाचून मी खाली उतरलो. एक गृहस्थ आले. धुतलेला झब्बा, खांद्यावर शबनम. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “फार जळजळीत लिहिता हो. तुमच्याकडे मराठवाड्यात अजून भयंकर आहे, नाही?” मी म्हटलं, “साहेब, माझा जन्म वडाळ्याचा. आजा बाहत्तरच्या दुष्काळात जालन्याकडून आला, एवढाच मराठवाडा. ही कविता इथली आहे. तुमच्या स्टेशनापासून तिसरं स्टेशन.” साहेबांचा हात पाठीवरून उतरला. कवितेतलं दुःख चारशे किलोमीटरवर होतं तोवर त्यांना पाझर फुटत होता. तिसऱ्या स्टेशनावर आलं तर त्यांना गाडीची वेळ झाली.

हे साहेब एकटे नाहीत. मुंबईत भाड्याची खोली बघायला जा. पहिला प्रश्न आडनाव. आडनावावरून कळलं नाही तर गाव. गावावरूनही कळलं नाही तर, “नॉनव्हेज खाता का?” जातीचं नाव कुणी काढत नाही. काढायची गरजच काय? २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल ह्या दोघांचा एक अभ्यास छापून आला. शहरातल्या खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. दलित नावाला बोलावणं कमी आलं. अर्ज उघडणारा माणूस इंग्रजी बोलणारा, गळ्यात टाय बांधणारा. त्याला कुणी रानटी म्हणत नाही. तो दिवाळी अंकात मराठवाड्यावर लेख वाचतो आणि हळहळतो.

आता कुणी म्हणेल, लेका, गावात जास्त मारतात की नाही? मारतात. २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावानं मारली. २०१४ ला खर्ड्यात नितीन आगे ह्या शाळकरी पोराचा खून झाला. मी गावावर पांघरूण घालायला बसलेलो नाही. पण हिशेब नीट करा. २०११-१२ साली भारत मानवी विकास सर्वेक्षणात देशभर घराघरात विचारलं, तुम्ही शिवाशिव पाळता का? देशात चारातलं एक घर हो म्हणालं. मध्य प्रदेशात निम्म्याहून जास्त घरं हो म्हणाली. महाराष्ट्रात शंभरात चार. झालं, आमच्या पुरोगाम्यांची छाती फुगली. त्याच पाहणीत देशात जातीबाहेरची लग्नं निघाली शंभरात पाच. पंचाहत्तर घरं शिवाशिव पाळत नाहीत म्हणतात, मग ती लेकी-सुना कुठून आणतात? महाराष्ट्राच्या चार टक्क्यांचा अर्थ मला एवढाच दिसतो की फुले-आंबेडकरांच्या चळवळीनं इथं जात पाळल्याचं बोलायची लाज आणली. लाज आली हे कमी नाही. त्यासाठी माणसं मेली. पण लाज आली म्हणजे जात गेली असं धरून चाललात तर फसाल. हो म्हणणाऱ्याशी भांडता येतं. नाही म्हणून दार लावणाऱ्याशी भांडायला आधी दार फोडावं लागतं.

आणि मराठवाडा म्हणजे नुसता मारणाऱ्यांचाच काय? १९७८ च्या जुलैत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावंच्या गावं जळाली. पोचिराम कांबळेला मारला. तरी माणसं हटली नाहीत. १९९४ च्या १४ जानेवारीपर्यंत, सोळा वर्षं, त्या मागास मुलखातल्या फाटक्या माणसांनी लढा धरून ठेवला. मुलखाला रानटी म्हणून मोकळं झालं की मारणाऱ्याच्या शेजारी उभा असलेला लढणाराही त्याच खड्ड्यात जातो. मला ह्या बोलण्याचा राग येतो तो ह्यासाठी. शहरी साहेबाचं बोट मारणाऱ्याला लागत नाही. त्याला त्याचं सोयरसुतक नाही. ते आमच्या माणसाला लागतं.

गरिबीचं हेच. बिहारी आळशी, मराठवाड्याचा माणूस आळशी, कोकण्या चाकरमानी, भैय्या घाणेरडा. माझ्या गँगमध्ये बिहारचे आहेत, बीडचे आहेत, आंध्राचे आहेत. बारा तास लोखंडाच्या कॉइलांपाशी उभे राहतात. मुकादम हाक मारतो, “ए बिहार, इकडं ये. ए बीड, तू तिकडं जा.” माणसाला नाव नाही, मुलूखच नाव.

तर ए बिहारचा हिशेब मांडा. लोखंड-कोळसा जुन्या बिहारच्या पोटात. १९५० च्या दशकात दिल्लीनं नियम केला की पोलाद देशात कुठंही न्या, भाव एकच. वाहतुकीचा खर्च सगळ्यांच्या माथी सारखा वाटला. मग खाणीजवळ कारखाना कोण काढील? कारखाने बंदराजवळ निघाले, बाजाराजवळ निघाले. मुंबईचं भलं झालं. आमच्या कापसाला मात्र तो नियम नव्हता. बिहारला तो वाहतुकीसकट घ्यावा लागला. हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. त्याआधी दीडशे वर्षं इंग्रजानं लादलेली जमीनदारी, १७९३ पासूनची. इतकं सगळं काढून घेतल्यावर तिथला माणूस इथं आला तर आम्ही म्हणणार, हे भिकारी कुठून आले! २००८ च्या ऑक्टोबरात रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेकडच्या पोरांना मुंबईत परीक्षाकेंद्रावर झोडलं. ज्याचं लोखंड घेतलं त्यालाच मारलं.

ए बीडचाही हिशेब मांडा. पश्चिम महाराष्ट्राची साखर गोड, सहकार गोड, पुरोगामीपण गोड. ऊस तोडतो कोण? बीडचा जोडपी कोयता. एक दिवस खाडा केला तर दंड, म्हणून बायांनी पिशवीच काढून टाकली. २०१९ साली सरकारच्याच समितीनं पाहणी केली तर बीड जिल्ह्यातल्या तेरा हजारांवर ऊसतोड बायांचं गर्भाशय काढलेलं निघालं. हे कुणी केलं? बीडच्या आळसानं?

आणि वरून ह्या लोकांना जगाच्या दुःखाचा पुळका. १९४६ साली भारतानं दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला, तिच्याशी व्यापार तोडला. चांगलं केलं. गोरं सरकार म्हणालं, हा आमचा घरचा मामला. साऱ्या जगानं त्याला नावं ठेवली. २००१ साली त्याच दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला, वंशद्वेषाविरुद्ध जागतिक परिषद भरली. दलित कार्यकर्ते तिथं जातीचा प्रश्न घेऊन गेले. भारत सरकार आडवं पडलं. म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा घरचा मामला. पंचावन्न वर्षांत वाक्य गोऱ्याच्या तोंडातून निघून आमच्या साहेबाच्या तोंडात आलं.

२०२० च्या मे-जूनमध्ये फ्लॉइडसाठी इथल्या पांढरपेशांनी फोनवर काळे चौकोन लावले. फेअर अँड लव्हलीचं नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं, आतली मलई तीच. त्याच मे महिन्याच्या ८ तारखेला जालन्याहून मध्य प्रदेशकडं पायी निघालेले सोळा मजूर औरंगाबादजवळ रुळावर मालगाडीखाली चिरडले. रुळावर भाकऱ्या पडल्या होत्या. त्यांच्यासाठी किती चौकोन लागले ते तुम्हीच आठवा.

आता आपल्याशी बोलतो. नाक्यावर बसून भैय्याची नक्कल करणारी पोरं आपल्याही वस्तीत आहेत. जयंतीला निळा झेंडा धरायचा आणि दुसऱ्या दिवशी पाणीपुरीवाल्याला लाथ मारायची. त्यात चमार किती, दुसाध किती, मुसहर किती, हे कधी विचारलं? आफ्रिकेतलं काळं पोर लोकलमध्ये शेजारी बसलं तर आपली माणसंही नाकाला रुमाल लावतात. आपण पँथरचं नाव सांगतो आणि काळ्या माणसाजवळ बसायला लाजतो, हे चालणार नाही. गावाहून आलेल्या पोराला गावठी म्हणणारा, त्याच्या बोलीला हसणारा शहरी दलित पोरगा त्या झब्बेवाल्या साहेबाचंच काम फुकटात करतो.

तेव्हा यापुढं कुणी म्हणालं, जात इथं नाही, ती तिकडं आहे, तर मान डोलावू नका. त्याच्या पाठीवरच्या हाताला भुलू नका. त्याला तीन गोष्टी विचारा. तुझ्या बिल्डिंगच्या खालच्या पाटीवर आडनावं कोणती? तुझ्या घरातली शेवटची तीन लग्नं कुणाकुणात झाली? तुझं गटार तुंबलं की आत कोण उतरतो, त्याचं नाव सांग.

उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. तो गाडीची वेळ झाली म्हणेल. म्हणावं, पुढची गाडी आहे.